विषाणूचे दार की साखरेची वाट?

पिष्टावर लाळेची क्रिया होऊन माल्टोज ही साखर तयार होते, हा प्रयोग आपण वर्गात करतोच. आपल्या आतड्यात राहणारा ई. कोलाय जिवाणूही माल्टोज खातो. त्याच्याभोवती दोन पटले असतात. त्यांतील बाहेरच्या पटलातून ही साखर आत जाते कशी? या प्रश्नाचे उत्तर आडवाटेने मिळाले.

एस्थर लेडरबर्ग यांनी १९५१ मध्ये ई. कोलायमध्ये वाढणारा लॅम्डा विषाणू शोधला. हा विषाणू जिवाणूच्या बाह्यपटलावरील एका प्रथिनाला चिकटतो. म्हणून त्या प्रथिनाला 'लॅम्डा-ग्राही' असे नाव पडले. पण शत्रूसाठी दार कोण ठेवील? त्याचे खरे काम काही निराळेच असले पाहिजे.

एक धागा हाती होता. लॅम्डाला दाद न देणारे बरेच जिवाणू माल्टोजही खाऊ शकत नसत. परंतु त्यांच्यात दोन्ही गोष्टींवर ताबा ठेवणारे नियामक जनुक बिघडलेले असे. ज्यांच्यात केवळ हे ग्राही प्रथिन नव्हते, ते जिवाणू माल्टोजवर छान वाढत. मग साखरेशी या प्रथिनाचा संबंध नाही, असे म्हणायचे का?

पॅरिसच्या पाश्चर संस्थेतील श्मेल्समन आणि हॉफनुंग यांनी १९७५ मध्ये दाखवून दिले, की संबंध आहे. मात्र तो साखर विरळ असतानाच दिसतो. द्रावणात माल्टोज अगदी थोडे असले, की ग्राही नसलेल्या जिवाणूंना ते पुरेसे घेता येत नाही. भरपूर असले, तर ते पोरिन या सर्वसाधारण छिद्रांतूनही आत झिरपते. सुमारे ६०० पर्यंत रेणुभाराचे रेणू या छिद्रांतून जातात, आणि माल्टोजचा रेणुभार आहे ३४२. माल्टोजहून लांब साखळ्यांना मात्र ग्राहीचीच वाट लागते.

ही वाट कशी आहे, ते १९९५ मध्ये बाझल येथील शिर्मर, रोझेनबुश आणि सहकाऱ्यांनी क्ष-किरणांच्या साहाय्याने पाहिले. १८ पट्ट्यांनी विणलेल्या पिंपासारख्या तीन नळ्या एकमेकींना चिकटलेल्या असतात. प्रत्येक नळीत सहा ॲरोमॅटिक अमिनो आम्लांची रांग आहे. साखरेच्या कड्याची कमी जलस्नेही बाजू त्यांवर टेकते आणि रेणू घसरगुंडीवरून सरकावा तसा पुढे जातो. त्याच्या हायड्रॉक्सिल गटांना भिंतीवरील विद्युतभारित अमिनो आम्ले हायड्रोजन बंधांनी सावरतात. येथे ऊर्जा खर्च होत नाही. ती लागते आतल्या पटलापाशी.

विहिरीचे मोल उन्हाळ्यात कळते, तसेच या प्रथिनाचे झाले. प्रयोगवहीत 'परिणाम नाही' असे लिहिण्यापूर्वी आपणही विचारू या: कोणत्या परिस्थितीत?