जस्ताचं पांघरूण
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मंडळी, एके काळी घरोघरी न्हाणीघरात जस्ताची बादली असायची. आपण तिला जस्ताची म्हणायचो खरं, पण ती असायची लोखंडाचीच. अंगावर तेवढं जस्ताचं पांघरूण. हे पांघरूण लोखंडावर कसं आलं, त्याची गोष्ट आज सांगायची आहे.

खनिजातून जस्त सुटं करणं अवघड. भट्टीत ते वितळून खाली साचत नाही. वाफ होऊन निघतं आणि हवा लागली की त्याची पुन्हा भुकटी होते. हे कोडं राजस्थानात उदयपूरजवळच्या झावरच्या कारागिरांनी मध्ययुगातच सोडवलं. वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशी ते भट्टीत उलट्या लावत. वाफ नळीवाटे खालच्या थंड भांड्यात उतरे आणि तिथं जस्त जमे. एकेका भट्टीत अशा ३६ मुशी असत. युरोपात ब्रिस्टलच्या विल्यम चॅम्पियननं अशाच पद्धतीचं पेटंट घेतलं ते १७३८ साली.

पुढे १७४२ मध्ये मालुअँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं वितळलेल्या जस्तात लोखंड बुडवण्याची कल्पना पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडली. पण तिला व्यवहारात आणलं स्तानिस्लास सोरेल या फ्रेंच अभियंत्यानं, १८३६-३७ मध्ये. बेडकाच्या पायावर प्रयोग करणाऱ्या इटलीच्या गॅल्व्हानीवरून या क्रियेला नाव मिळालं ‘गॅल्व्हनायझिंग’. गंमत म्हणजे बुडवताना वीज लागतच नाही! तरीही नाव चुकीचं नाही. पत्र्यावर ओरखडा पडून लोखंड उघडं पडलं, की दोन धातूंमध्ये सूक्ष्म विद्युतक्रिया सुरू होते. जस्त स्वतः झिजतं आणि लोखंडाला वाचवतं. रंगाला हे जमत नाही.

आजही रीत तीच आहे. पोलाद आम्लात स्वच्छ करायचं आणि सुमारे ४५० अंश सेल्सियसच्या जस्तात बुडवायचं. मात्र थर किती हवा, हे आता मानकांनी ठरवून दिलं आहे. ‘आयएसओ १४६१’नुसार सहा मिलिमीटरहून जाड पोलादावर तो सरासरी किमान ८५ मायक्रॉन हवा, म्हणजे जेमतेम केसाच्या जाडीएवढा. आपल्याकडे ‘आयएस ४७५९’ हे मानक आहे. नुसत्या चकाकीला भुलू नये. काही पोलादांवर मळकट, करडा दिसणारा थरच अधिक जाड असतो. विजेचा मनोरा असो की पुलाचा कठडा, खात्री मोजमापानंच होते.

यात पर्यावरणाचा प्रश्नही आहे. दगडी कोळशावर चालणाऱ्या झोतभट्टीत एक टन पोलाद करताना साधारण दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणून गंजलेला खांब बदलणं म्हणजे तो धूर पुन्हा एकदा काढणं. जस्तही खाणीतूनच येतं, आम्लाचं सांडपाणी नीट हाताळावं लागतं, हे विसरून चालणार नाही. पण आयुष्य संपल्यावर पोलाद आणि जस्त दोन्ही पुन्हा वापरात येतात.

शेवटी एक गोष्ट. हवेत गंधकाचा धूर जितका जास्त, तितकं जस्त लवकर झिजतं. युरोपात गेल्या काही दशकांत हा धूर कमी झाला आणि त्याच थराचं आयुष्य वाढलं. पांघरूण लोखंडाला जपतं, पण त्या पांघरुणाला जपायचं असेल तर हवा आपल्यालाच स्वच्छ ठेवावी लागेल.