राखेंतून उठलेली पेठ

सॅन फ्रान्सिस्को शहरांतील ग्रँट ॲव्हेन्यूवर टोकें वर वळलेलीं छपरें व नक्षीदार मनोरे पाहून प्रवाशास हा पुरातन चीनचाच तुकडा वाटतो. वस्तुतः ही शोभा १९०६ नंतरची आहे, आणि ती केवळ हौसेची नव्हे.

चिनी मजुरांस अमेरिकेंत येण्याची १८८२ च्या कायद्यानें बंदी झाली होती. पुढें १८ एप्रिल १९०६ रोजीं भूकंप झाला, आणि पाठोपाठच्या आगींत चिनी पेठ भस्मसात् झाली. ती मोक्याची जागा मोकळी होतांच नगरपुढाऱ्यांनीं चिनी लोकांस दूर दक्षिणेस, हंटर्स पॉइंट येथें, हलविण्याचा बेत केला. चीनच्या वकिलातीनें त्यास विरोध केला; शिवाय चिनी व्यापार दुसऱ्या बंदरास गेल्यास करांचें उत्पन्न बुडेल, ही धास्ती शहरास वाटली. बेत बारगळला.

मग लुक टिन एली या व्यापाऱ्याच्या पुढाकारानें अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांकडून चिनी धर्तीच्या इमारती उभारल्या गेल्या. हेतु हा कीं, गिऱ्हाईक यावें, दुकानें व खाणावळी चालाव्या, आणि पुन्हां कोणी 'उठा' म्हणूं नये. बंदीचा कायदा १९४३ सालीं रद्द झाला. पेठेनें मात्र आपली जागा त्यापूर्वींच राखली होती.