लुकलुकणारा दिवा : दुरुस्त करावा की बदलावा?

ट्यूबलाइट असो वा एलईडी दिवा, तो एका फटक्यात बंद पडल्याची उदाहरणे कमीच. बहुधा तो आधी काही दिवस लुकलुकतो, फडफडतो, मध्येच मंद होतो. या काळात घरात साधारण दोन प्रकारची प्रतिक्रिया उमटते. काही घरांत तो तसाच चालू ठेवला जातो, तर काही घरांत लगोलग नवा आणला जातो. तो नवाही आठवड्याभरात लुकलुकू लागला म्हणजे दोष दिव्यात नव्हताच, हे ध्यानात येते. दुरुस्ती की बदल, हा निर्णय दिव्याच्या वयावर जेवढा अवलंबून असतो त्याहून अधिक दोष नेमका कोठे आहे यावर अवलंबून असतो.

म्हणूनच पहिली पाहणी दिव्याची नव्हे, घराची करावी. एकच दिवा लुकलुकत असेल तर दोष त्या दिव्यात, त्याच्या होल्डरमध्ये किंवा बटणात शोधावा. एका खोलीतले सगळेच दिवे हलत असतील तर त्या खोलीच्या वायरिंगचा एखादा सांधा सैल झालेला असण्याची शक्यता मोठी. फ्रिज किंवा पाण्याचा पंप सुरू होताना दिवे क्षणभर मंद होणे ही नेहमीची बाब आहे, कारण मोटार सुरू होताना बराच अधिक प्रवाह ओढते. मात्र ही मंदी क्षणभरापेक्षा अधिक टिकत असेल किंवा पूर्वी नसताना आता दिसू लागली असेल, तर वायरमनला बोलवावे.

एक लक्षण मात्र वाट पाहण्याजोगे नाही. घरातले काही दिवे अचानक प्रखर आणि त्याच वेळी काही मंद होऊ लागले, तर इमारतीकडे येणारी न्यूट्रलची तार सैल झाल्याची किंवा तुटल्याची शंका घ्यावी. घरगुती पुरवठा २३० व्होल्टचा असतो. परंतु तीन फेजच्या जोडणीत न्यूट्रल निसटल्यास काही घरांना त्याहून फार अधिक दाब मिळू शकतो आणि टीव्ही, फ्रिज, चार्जर एकामागून एक जळतात. अशा वेळी मुख्य स्विच तात्काळ बंद करावा आणि वीज कंपनीला कळवावे. महावितरणच्या ग्राहकांसाठी १९१२ हा क्रमांक आहे. बटण दाबताना चटचट आवाज येणे, स्विचबोर्ड हाताला गरम लागणे, प्लॅस्टिक जळल्याचा वास येणे, ही लक्षणेही याच वर्गात मोडतात. सैल जोडात ठिणग्या पडतात, जोड तापतो, आणि आग तेथूनच लागते. अशा ठिकाणी नवा दिवा लावणे म्हणजे दुखणे झाकणे होय.

पट्टीवरची जुनी ट्यूबलाइट हा दुरुस्तीला सर्वाधिक अनुकूल दिवा. तांब्याचा चोक आणि स्टार्टर असलेल्या ट्यूबमध्ये फडफडण्याचे कारण बहुतेक वेळा स्टार्टर हेच असते. त्याच्या आतील द्विधातूची पट्टी तापून जुळते व थंड होऊन सुटते. त्या झटक्याने चोकमध्ये उच्च दाब निर्माण होऊन ट्यूब पेटते. स्टार्टर निकामी झाला की हा खेळ थांबतच नाही. शेजारच्या खोलीतील चालू पट्टीचा स्टार्टर काढून येथे लावून पाहावा. ट्यूब स्थिर झाली तर प्रश्न काही रुपयांत सुटला. नाही तर ट्यूब किंचित फिरवून तिच्या पिना होल्डरमध्ये नीट बसल्या आहेत की नाही हे पाहावे. किनाऱ्यालगतच्या गावांत या पिनांवर गंज चढतो, तो पुसल्यानेही काम होते. ट्यूबची दोन्ही टोके काळी पडली असतील तर तिचे आयुष्य संपत आले आहे असे समजावे. चोकमधून डांबरासारखा जळका वास येत असेल तर तो चालू ठेवू नये.

असे असले तरी जुन्या पट्टीवर किती खर्च करावा याला मर्यादा हवी. ३६ वॉटची ट्यूब आणि तांब्याचा चोक मिळून सुमारे ४५ ते ५० वॉट वीज खातात. त्याच जागी २० वॉटची एलईडी पट्टी पुरेसा प्रकाश देते. रोज सहा तास वापर धरला तर वर्षाला सुमारे ५५ ते ६५ युनिट वाचतात. युनिटचा दर आठ रुपये धरल्यास ही बचत साडेचारशे रुपयांच्या घरात जाते आणि साध्या पट्टीची किंमत वर्षभरात वसूल होते. शिवाय पाऱ्याच्या वापराविषयीच्या मिनामाता कराराच्या सदस्य देशांनी २०२३ साली सर्वसाधारण प्रकाशासाठीच्या फ्ल्युरोसंट ट्यूबचे उत्पादन व आयात-निर्यात २०२७पर्यंत टप्प्याटप्प्याने थांबवण्याचे ठरवले आहे. तेव्हा स्टार्टर बदलणे योग्य, पण चोक जळाल्यावर नवा चोक घेणे आता शहाणपणाचे नाही.

जुन्याच पट्टीत एलईडी ट्यूब बसवायची असल्यास चोक आणि स्टार्टर काढून जोडणी बदलावी लागते. हे काम वायरमननेच करावे आणि पट्टीवर तशी चिठ्ठी चिकटवावी, कारण पुढे कोणी अनवधानाने त्यात जुनी ट्यूब लावली तर ती थेट २३० व्होल्टवर येते.

एलईडी दिव्याचे गणित वेगळे आहे. त्यातील प्रकाश देणारे दाणे टिकाऊ असतात. आधी थकतो तो त्यांना वीज पुरवणारा ड्रायव्हर, आणि त्यातही कपॅसिटर. उष्णता हा त्याचा मुख्य शत्रू. तापमानात दर १० अंश सेल्सिअसची वाढ झाली की त्याचे आयुष्य निम्मे होते, असा स्थूल नियम आहे. बंद काचेच्या गोळ्यात किंवा पोटमाळ्याखालच्या कोंदट जागेत लावलेले बल्ब म्हणूनच लवकर लुकलुकू लागतात. सुट्या बल्बची दुरुस्ती बाजारात काळा पडलेला दाणा वगळून, तेथे जोड देऊन केली जाते. दिवा काही दिवस चालतो, पण ताण उरलेल्या भागांवर येतो. शिवाय आतील भाग थेट वीजप्रवाहाशी जोडलेले असल्याने घरी असा खटाटोप करणे जिवावर बेतू शकते. बल्ब बदलावा, आणि हमीची मुदत असेल तर दुकानदाराकडे न्यावा. खरेदीची तारीख बल्बच्या कडेवर पेनाने लिहून ठेवण्याची सवय येथे कामी येते.

फॉल्स सीलिंगमधील पॅनेल दिवा मात्र फेकण्याची घाई करू नये. त्याचा ड्रायव्हर बहुधा वेगळ्या डबीत असतो आणि तेवढाच बदलता येतो. नव्या ड्रायव्हरवरील मिलीअँपिअरचा आणि व्होल्टचा आकडा जुन्याशी जुळायला हवा, एवढे पाहावे. झुंबरांच्या बाबतीतही सांगाडा ठेवून आतील होल्डर व तारा बदलणे स्वस्त पडते.

बटण बंद केल्यावरही एलईडी मंद उजळत असेल किंवा थांबून थांबून चमकत असेल, तर दोष दिव्यात नसतो. बटणातील लाल खुणेचा छोटा दिवा, किंवा फेजऐवजी न्यूट्रलच्या तारेवर बसवलेले बटण, ही त्यामागची कारणे. दुसरे कारण सुधारून घेणे अगत्याचे आहे, कारण तेथे बटण बंद असूनही होल्डरमध्ये वीज असते. जुन्या डिमरवर साधा एलईडी लावला तरी तो लुकलुकतो. तसेच केवळ इन्व्हर्टरवर असताना दिवा हलत असेल तर इन्व्हर्टरच्या चौकोनी लहरींकडे संशयाने पाहावे.

काढलेली ट्यूब फोडून कचऱ्यात टाकू नये, तिच्यात पारा असतो. फुटलीच तर खिडक्या उघडाव्यात, मुलांना खोलीबाहेर न्यावे, तुकडे झाडूने न लोटता जाड कागदाने उचलावेत आणि उरलेली पूड ओल्या कागदाने टिपून सगळे बंद पिशवीत ठेवावे. अखंड ट्यूब व जुने बल्ब ई-कचरा संकलनासाठी वेगळे द्यावेत.