दर्या, दऱ्या आणि न उघडणारा फोटो

किल्ल्याचे, किनाऱ्याचे, बुजवलेल्या बावखलांचे जुने फोटो आपल्या वसईत बरेच जण हल्ली ऑब्सिडियनसारख्या नोंदींच्या सॉफ्टवेअरमध्ये जमवतात. चांगलंच आहे. पण कॉम्प्युटर बदलला की नोंद उघडते नि फोटोच्या जागी रिकामी चौकट दिसते. फोटो फोल्डरमध्ये शाबूत असतो. घोटाळा असतो फाईलच्या नावात, आणि तो साठ वर्षांपेक्षा जुना आहे.

१९६३ साली अमेरिकेत 'आस्की' नावाची अक्षरांची यादी ठरली. जागा फक्त १२८. देवनागरी सोडाच, पोर्तुगीज लोक वसईचं नाव लिहिताना ज्या 'सी'खाली शेपटी काढत, ते अक्षरही तिच्यात नव्हतं. वर काही चिन्हं यंत्रांनी स्वतःच्या कामाला राखून ठेवली. तिरकी रेघ म्हणजे फोल्डरची हद्द, म्हणून 'वसईचा तह ३१/१२/१८०२' असं नाव फाईलला देता येत नाही. # दिसला की लिंक वाचणारं सॉफ्टवेअर समजतं, नाव इथे संपलं. मग 'बावखल#३' ऐवजी नुसतं 'बावखल' शोधलं जातं, आणि तशी फाईल नसतेच.

१९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली. देवनागरी त्यात होती, मांडणी आपल्याकडच्या १९८८ च्या 'इस्की'वरून घेतलेली. इथे आपला खास मराठी प्रश्न आला. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. हिंदीला हा फरक लागत नाही, आपल्याला लागतो. हा अर्धा र आज तीन तऱ्हांनी लिहिला जातो: सलग ऱ घेऊन, साध्या र खाली नुक्ता देऊन, किंवा र चा पाय मोडून त्यापुढे न दिसणारं जोडचिन्ह टाकून. डोळ्याला तिन्ही एकच. यंत्राला तीन वेगळी नावं!

ॲपलने १९९८ मध्ये फाईली साठवण्याची जी पद्धत आणली, ती सलग ऱ फोडून र आणि नुक्ता करून ठेवायची. २०१७ च्या नव्या पद्धतीने हे थांबवलं, पण जुन्या डिस्कवरून कॉपी केलेल्या फाईलींची नावं फोडलेलीच राहू शकतात. नोंदीत सलग ऱ, फाईलवर फोडलेला. लिनक्सवर गेलात की 'किल्ला' उघडतो, 'किनाऱ्यावर' उघडत नाही.

"इंग्रजीत नाव द्या की," असं सांगणारे भेटतात. सल्ला कामाचा आहे, पण दोष आपल्या लिपीचा नाही. पहिली दोन रूपं एकच मानावीत हा नियम युनिकोडनेच लिहून ठेवलाय. तो न पाळणं हा सॉफ्टवेअरवाल्यांचा आळस. तिसऱ्या रूपाला मात्र तो नियमही लागू होत नाही.

उद्या एखादं बावखल बुजवल्याची तक्रार करायची वेळ आली, तर इथे पाणी होतं हे दाखवायला हाच फोटो लागणार. तेव्हा तूर्तास नावात रोमन लहान अक्षरं, आकडे आणि आडवी रेघ एवढंच ठेवा. गाव, साल, कोणाचं बावखल हे सगळं नोंदीच्या आत मराठीत लिहा, तिथे ऱ ला धोका नाही. आणि नाव सॉफ्टवेअरच्या आतूनच बदला, म्हणजे लिंकही बदलते. बाहेर फोल्डरमध्ये जाऊन बदललंत, तर आज दिसणारे फोटोही उद्या दिसायचे नाहीत.