बेलापूरची अंगणे : एका वास्तुशिल्पज्ञाचा कलाविचार

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा वाद मराठी वाचकांस नवा नाही. प्रा. ना. सी. फडके आणि श्री. वि. स. खांडेकर यांच्या नावांभोवती एका पिढीने तो मोठ्या हिरिरीने लढविला. तो वाद मुख्यतः कथा-कादंबरीपुरता होता. कादंबरी आवडली नाही तर वाचक ती मिटून ठेवू शकतो. परंतु ज्या कलाकृतीत माणसे जन्मभर राहतात, चूल पेटवितात, मुले वाढवितात आणि वृद्धांची सेवा करितात, त्या कलाकृतीस हाच प्रश्न विचारला तर काय उत्तर मिळते? वास्तुकलेचा हेतू कोणता, आणि वास्तू निर्माण करणाऱ्याचे काम कोठे संपते?

या प्रश्नाचे उत्तर शोधावयास आम्हांस दूर जावे लागत नाही. गेल्या काही दशकांत आपल्या ज्ञातीची अनेक कुटुंबे गिरगाव, परळ, लालबाग येथील चाळी सोडून खाडीपलीकडे नव्या मुंबईत स्थायिक झाली. त्याच नव्या मुंबईत, बेलापूर येथे डोंगराच्या पायथ्याशी, ‘आर्टिस्ट व्हिलेज’ या नावाने ओळखली जाणारी एक वसाहत आहे. १९८३ ते १९८६ या काळात ती बांधली गेली. तिचे रचनाकार श्री. चार्ल्स कोरिया. त्यांचा कलाविचार आणि त्या विचाराची बेलापुरात झालेली परीक्षा, यांचा थोडा इतिहास या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवावा असे आम्हांस वाटले.

कोरियांचा जन्म १ सप्टेंबर १९३० रोजी सिकंदराबाद येथे झाला; घराण्याचे मूळ गोमंतकातले. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात काही काळ शिकून ते अमेरिकेस गेले आणि मिशिगन व मॅसॅच्युसेट्स येथील विद्यापीठांतून वास्तुशास्त्राच्या पदव्या घेऊन परतले. १९५८ साली त्यांनी मुंबईत स्वतंत्र व्यवसाय आरंभिला. लहानपणी खेळण्यातल्या आगगाडीचे रूळ कसे मांडावेत याचे नकाशे काढता काढता आपणांस वास्तुरचनेचे पहिले धडे मिळाले, असे ते सांगत. पुढे शासनाने त्यांस १९७२ साली पद्मश्री व २००६ साली पद्मविभूषण हे सन्मान दिले. १६ जून २०१५ रोजी मुंबईतच त्यांचे निधन झाले.

कोरियांनी इमारती जितक्या निष्ठेने बांधल्या, तितक्याच निष्ठेने आपल्या कलेविषयी लिहिले. त्यांच्या विचारातील पहिले सूत्र नवनिर्मितीसंबंधी आहे. परक्याचे किंवा पूर्वजांचे रूप जसेच्या तसे उचलून आणणे ही एक गोष्ट, आणि त्या रूपामागील तत्त्व ओळखून आपल्या काळास व गरजेस अनुसरून त्यास नवा जन्म देणे ही दुसरी. पहिलीस ते केवळ स्थलांतर म्हणत, दुसरीस रूपांतर. खरी निर्मिती दुसरीतच असते. आज एखाद्या बंगल्यास वाड्याची कमान आणि महिरप चिकटविली म्हणजे तो वाडा होत नाही. वाड्याचा चौक उजेड, वारा आणि घरातल्या स्त्रियांस निवांत उघडी जागा कसा देत होता, हे ज्यास उमगले, तोच नवा चौक निर्माण करू शकतो.

दुसरे सूत्र आकाशासंबंधी आहे. आपला देश उष्ण हवेचा. येथे भिंत आणि छप्पर हेच घर नव्हे. आकाशाखाली उघडी असलेली जागा हीदेखील घराची खोलीच होय, असे त्यांचे मत होते. साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालय १९६३ साली पूर्ण झाले. त्यात सहा मीटर लांब-रुंद असे लहान लहान भाग आहेत, त्यांवर कौलारू छपरे आहेत आणि मधूनमधून मोकळे चौक सोडले आहेत. खिडक्यांस काच नाही. लाकडी झडपांतून वारा खेळतो. संग्रह वाढला तर त्याच मापाचे नवे भाग जोडता यावेत, अशी मूळचीच योजना आहे. वाढणारी वास्तू ही कल्पना पुढे बेलापुरात पूर्ण रूपास आली. तिचे बीज आम्हांस येथे दिसते.

तिसरे सूत्र आपल्या वाचकांस सर्वांत जवळचे वाटेल. कोरिया म्हणत की, वस्तीतल्या माणसास चार प्रकारची जागा लागते. पहिली निजण्या-जेवणाची, खासगी. दुसरी दारापुढली, जेथे मुले खेळतात आणि शेजारणी बोलतात. तिसरी पाण्याच्या नळाजवळची किंवा विहिरीजवळची, जेथे आळीची माणसे भेटतात. चौथी साऱ्या गावाची. आम्ही यास आपल्या भाषेत माजघर, ओटा, पाणवठा आणि मैदान म्हणू. या चारींचा एकमेकांशी मेळ असतो. एक कमी पडली तर दुसरी ती उणीव भरून काढते. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत आठ माणसांचे कुटुंब सुखाने कसे राहिले, हे ज्यांनी चाळीत पाहिले आहे त्यांस हे सूत्र समजावून सांगण्याची गरज नाही. खोली लहान होती, पण गॅलरी होती, अंगण होते, आणि गणपतीच्या दिवसांत ते अंगण सर्वांचे सभागृह होत असे.

आता नव्या मुंबईकडे वळू. १९६५ साली कोरिया, श्रीमती प्रवीणा मेहता आणि श्री. शिरीष पटेल या तिघांनी ‘मार्ग’ या कलाविषयक नियतकालिकातून एक योजना मांडली. मुंबई उत्तरेकडे लांबत जाण्याऐवजी खाडीपलीकडे पूर्वेस नवे शहर वसवावे, असा त्यांचा आग्रह होता. १७ मार्च १९७० रोजी सिडकोची स्थापना झाली आणि प्रारंभीच्या वर्षांत कोरिया हे नव्या शहराचे मुख्य वास्तुशिल्पज्ञ झाले. बेलापूरची वसाहत ही त्यानंतरची, त्यांच्या कलाविचाराचा जणू लहानसा नमुना.

तिची रचना अशी. सात घरे आठ मीटर लांब-रुंद अंगणाभोवती बसविली. अशा तीन पुंजांची, म्हणजे एकवीस घरांची, एक मोठी मांडणी केली व तिच्या मध्ये सुमारे बारा मीटर लांब-रुंद चौक ठेवला. अशा तीन मांडण्या एकत्र येऊन त्याहून मोठा चौक झाला. ओट्यापासून मैदानापर्यंत माणसाने पायरीपायरीने जावे, तसा हा क्रम आहे. वसाहतीतून वाहणारा लहान ओढा पावसाळ्याचे जादा पाणी वाहून नेतो. सुमारे साडेपाचशे कुटुंबांसाठी ही योजना होती. उंच इमारती न बांधताही दर हेक्टरी पाचशे माणसे राहू शकतात, हे तिने दाखवून दिले.

याहून महत्त्वाच्या दोन गोष्टी नकाशाकडे वरवर पाहणाऱ्यास दिसत नाहीत. पहिली अशी की, भूखंडांची मापे सुमारे ४५ ते ७५ चौरस मीटर एवढ्याच मर्यादेत ठेविली. एकाचे घर एका खोलीचे असो वा दुसऱ्याचे दुमजली असो, पायाखालच्या जमिनीत फार अंतर नको. समता ही भाषणात सांगण्याची गोष्ट नसून जमिनीवर आखावयाची गोष्ट आहे, हा त्यामागील विचार. दुसरी अशी की, कोणत्याही घराची भिंत शेजाऱ्याच्या घराशी सामाईक ठेविली नाही. कारण भिंत सामाईक असली म्हणजे एकास वाढवावयाचे तर दुसऱ्याची संमती लागते. प्रत्येकाने आपल्या ऐपतीप्रमाणे, आपल्या सवडीने, गावच्या गवंड्याच्या व सुताराच्या हातून घर वाढवावे, म्हणून बांधणीही साधी, कौलारू ठेविली.

येथे कोरियांच्या कलाविचाराचा गाभा आमच्या ध्यानात येतो. चित्रकार चित्राच्या कोपऱ्यात सही करितो तेव्हा चित्र पुरे झाले असे तो सांगत असतो. बेलापूरच्या रचनाकाराने आपली कृती मुद्दामच अपुरी ठेविली आणि तीत राहणाऱ्यांस ती पुरी करण्याचा अधिकार दिला. निर्मिती ही एकट्या प्रतिभावंताची मिरास नाही; गृहिणी, गवंडी, सुतार हेही तिचे वाटेकरी आहेत. असे मानणारा कलावंत आपल्या अहंकारावर मोठाच अंकुश ठेवितो.

मग या विचाराचे पुढे काय झाले? आज बेलापुरात जाऊन मूळची कौलारू घरे शोधू लागलो तर ती थोडीच आढळतात. जमिनीचे मोल वाढले, कुटुंबांच्या गरजा वाढल्या, आणि बहुतेकांनी मूळ घर पाडून सिमेंट-काँक्रिटची, गच्चीची, दुमजली-तिमजली घरे उभारली. वाढ झाली, पण कोरियांनी कल्पिली होती तशी हळूहळू, खोलीला खोली जोडून नव्हे. भूखंड समान राखून समता राखता येईल, ही आशाही पैशाच्या जोरापुढे पुरती टिकली नाही. कारण जमीन आडवी मोजली तरी माणसे उभी बांधू लागली. हे दोष आम्ही लपवू इच्छीत नाही.

आणखी एक गोष्ट न सांगता हा इतिहास अपुरा राहील. ज्या भूमीवर हे नवे शहर आखले गेले ती रिकामी पाटी नव्हती. पंचाण्णव गावांची शेते, मिठागरे आणि खाडीकाठचे कोळीवाडे तेथे होते. बेलापूरची अंगणे बांधली जात होती त्याच काळात, जानेवारी १९८४ मध्ये, उरण तालुक्यात जासईच्या परिसरात श्री. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली भूमिपुत्रांनी जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी आंदोलन केले आणि पोलिसांच्या गोळीबारात पाच जणांनी प्राण गमाविले. साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना या लढ्याचे फळ होय. वसाहतीत राहणाऱ्यास वाटेकरी करणारा कलाविचार जमीन देणाऱ्यापर्यंत का पोहोचला नाही, हा प्रश्न एका कलावंतास विचारून सुटणारा नाही; तो शासनास आणि आपणां सर्व रहिवाशांस विचारावयाचा आहे. परंतु कलेचा हेतू शोधणाऱ्याने तो टाळूही नये.

तथापि बेलापुरात एक गोष्ट टिकली आहे, आणि आमच्या मते तीच या साऱ्या इतिहासाचे सार होय. घरे बदलली, पण अंगणे राहिली. सात घरांच्या मधले चौक बहुतांशी आजही मोकळे आहेत. कलावंताने जे स्वतः बांधले ते लोकांनी मोडले; जे त्याने बांधावयाचे टाळले, जे मोकळे सोडले, ते लोकांनी सांभाळिले. कोरियांचा पराभव झाला असे कोणी म्हणेल. आम्ही तसे म्हणणार नाही. ज्याने घर बदलण्याचा अधिकार आपण होऊन दिला, त्याचे घर बदलले म्हणून तो हरला असे होत नाही. त्याची खरी कलाकृती भिंतीत नव्हतीच. ती सात दारांच्या मधल्या मोकळ्या जागेत होती.

ज्ञातिबंधुभगिनींनो, हा विषय आम्ही केवळ विद्वत्तेच्या हौसेने मांडलेला नाही. आज नव्या मुंबईत ठिकठिकाणी जुन्या इमारतींच्या पुनर्विकासाची बोलणी चालू आहेत. अशा सभांत किती चौरस फूट अधिक मिळणार, हा प्रश्न पहिला निघतो, आणि तो निघावा हे स्वाभाविक आहे. कष्टाच्या पैशाने घेतलेले घर कोणास प्रिय नसते? परंतु त्याच सभेत दुसराही प्रश्न निघावयास हवा : आपल्या दारांच्या मध्ये काय उरणार? मुले कोठे खेळणार, म्हातारी माणसे संध्याकाळी कोठे बसणार, घरातले मंगलकार्य किंवा दुःख शेजाऱ्यास कसे कळणार? नकाशावर ही जागा रिकामी दिसते, म्हणून मोजदादीत तिचा बळी सर्वांत आधी जातो.

कलेसाठी कला की जीवनासाठी कला, या जुन्या वादास बेलापूरने आपल्यापुरते उत्तर दिले आहे. जी कला जीवनास वाढावयास जागा ठेविते, ती रूपाने बदलली तरी नाहीशी होत नाही. चाळीच्या अंगणात वाढलेल्या आपल्या पिढीने हे उत्तर नव्या पिढीच्या हाती द्यावे, आणि घराची मापे घेताना अंगणाचेही माप घ्यावे, एवढीच या लेखाच्या निमित्ताने सर्व कुटुंबांस आमची नम्र विनंती.