थॉमस डॉल्बी : हिट गाण्यापासून नोकियाच्या रिंगटोनपर्यंत

थॉमस डॉल्बी हे ब्रिटिश न्यू वेव्ह संगीतकार आणि गीतकार. जन्म १९५८चा, मूळ नाव थॉमस रॉबर्टसन. 'डॉल्बी' हे मित्रांनी पाडलेलं टोपणनाव. त्यावरून डॉल्बी लॅबोरेटरीज या कंपनीने त्यांच्यावर दावा ठोकला होता. आपल्या मिरवणुकीतल्या 'डॉल्बी'चं नावही याच कंपनीवरून आलंय.

'शी ब्लाइंडेड मी विथ सायन्स' हे त्यांचं १९८२चं गाणं अमेरिकेत पाचव्या क्रमांकापर्यंत पोहोचलं. अनेक जण त्यांना या एकाच गाण्यामुळे ओळखतात. पण १९८५च्या 'लाइव्ह एड'मध्ये डेव्हिड बोवीच्या साथीला कीबोर्डवर तेच होते.

१९९३मध्ये त्यांनी अमेरिकेत कंपनी काढली. पुढे तिचं नाव 'बीटनिक' झालं. तिचं सॉफ्टवेअर नोकियाने घेतलं. आधी फोन एका वेळी एकच सूर वाजवायचा, आता अनेक वाद्यं एकत्र वाजू लागली. हीच पॉलिफोनिक रिंगटोन. नोकियाची प्रसिद्ध धून मात्र त्यांची नाही. ती फ्रान्सिस्को तारेगा यांच्या गिटारच्या रचनेतली आहे.

नंतर ते 'टेड' परिषदेचे संगीत संचालक झाले आणि २०१४मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्राध्यापक. त्यांचं गाणं न ऐकलेल्या कित्येकांनीही त्यांच्या सॉफ्टवेअरवर वाजलेला फोन उचलला आहे.