पेटी आणि पेटीवाला

अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हा ज्या मुलुखातला गाव, त्याच मुलुखात जांब येथे १६०८ साली समर्थ रामदासांचा जन्म झाला. टाळ, वीणा व पखवाज ही या भूमीची जुनी वाद्ये होत. पेटी ही त्या मानाने उपरी. तथापि आज तिच्यावाचून गावचे भजन सुने वाटते. ही पाहुणी घरची कशी झाली, हे ज्ञातिबांधवांस ठाऊक असणे इष्ट होय.

वाऱ्याच्या झोताने पितळी जिभा कंपित करून सूर काढावयाचा, हे या वाद्यकुळाचे तत्त्व. व्हिएन्ना येथे १८२९ साली डेमियन याने अकॉर्डियनचे पेटंट घेतले. ते छातीशी धरून, भाता दोन्ही हातांनी उघडमीट करून वाजवितात. पुढे १८४२ साली पॅरिसच्या देबँ याने पायभात्याच्या हार्मोनियमचे पेटंट घेतले. परंतु आपला गवई व वादक दोघेही बैठकीवर बसणारे. कलकत्त्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हातभात्याची पेटी रूढ केली, तेव्हाच ती जाजमावर आली. खांद्यावरून नेता येईल एवढीच ती असल्याने खेड्यापाड्यांतही पोहोचली.

पेटीचे काम वरवर सोपे दिसते. डाव्या हाताने भाता, उजव्या हाताने पट्ट्या. परंतु भात्याचा दाब ढळला की सूरही थरथरतो. कीर्तनकार काळी एकमध्ये गातो की पांढरी चारमध्ये, हे पहिल्याच ओळीत ओळखून वादकास त्यामागे जावे लागते. सूर उतरला तर जिभेचे टोक किंचित घासून तो चढवावा, चढला तर मुळाशी घासून उतरवावा. एक घासणी जास्त झाली की जीभ वाया जाते. हे ज्ञान पुस्तकांतून नव्हे, हाताखाली बसूनच मिळे.

विद्वानांनी मात्र या वाद्यास दूषणेच फार दिली. ठरलेल्या बारा स्वरांत मींड व श्रुती येत नाहीत, हा आक्षेप खोटा नव्हे. त्याच कारणास्तव १९४० साली आकाशवाणीने पेटीस मज्जाव केला आणि तो सुमारे तीन दशके टिकला. परंतु १९११ च्या ‘मानापमान’चे संगीतकार गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी याच वाद्यावर स्वतंत्र वादनाचा मान मिळविला. दोष वाद्यात असला, तरी वादकाच्या बोटांत त्यावर उपाय असतो, हे त्यांनी दाखविले.

ग्रामीण पेटीवाल्यास असा मान क्वचितच लाभला. सप्ताहात महाराजांचे नाव फलकावर लागते. रात्रभर सूर धरणाऱ्याचे लागत नाही. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या अमलात होता. त्या काळातही देवळाच्या ओट्यावर भजन चालू ठेवणाऱ्यांचे ऋण आपणावर आहे. म्हणून प्रत्येक कुटुंबाने आपल्या वडीलधाऱ्या वादकांची नावे, त्यांचे गुरू व त्यांच्या चाली लिहून ठेवाव्यात, आणि सप्ताहाच्या फलकावर पेटीवाल्यासही एक ओळ द्यावी, एवढीच नम्र विनंती.